मुकी ऐरण

वाल्मीक मिस्तरींनी ऐरण भंगारात काढली तेव्हा विंचुरात कुणाला फारसं काही वाटलं नाही. विळे-खुरपी आता बाजारात प्लास्टिकच्या मुठीची मिळतात, आणि चाकावर लोखंडी धाव चढवायला बैलगाड्या तरी कुठे उरल्यात? लोकांना वाटलं, म्हातारा थकला. मिस्तरी मात्र थकले नव्हते. भेटेल त्याला थांबवून ते सांगायचे, "मुकी झाली ओ माझी ऐरण. आतून फुटली. मंग काय करनार?" आणि समोरचा माणूस, घरातलं कुणी गेल्यावर म्हणतात तसं, 'फार वाईट झालं' म्हणेपर्यंत त्याला सोडायचे नाहीत.

मी बुद्धभूषण. मूळ विंचूरचा, राहायला नाशकात सिडकोत, कामाला अंबडच्या एका कंपनीत. हुद्दा टूलरूममधला, पण तो नावापुरता. पूर्वी आम्ही कानशीनं घासूनघासून डाय, म्हणजे साचे, बसवायचो. आता काचेआड मशीन काम करतं आणि मी बाहेर उभा राहून त्याच्याकडे बघतो. बघण्याचा पगार मिळतो. सगळे म्हणतात, तुझं बरंय, आणि मला सगळ्यांचा राग येतो. तसा मला राग लवकरच येतो. बायको म्हणते, तू दुधाच्या पिशवीवरसुद्धा डाफरतोस. तर गेल्या वर्षी डोक्यात आलं की लोहारकाम शिकावं. आई गेल्यापासून गावचं घर बंद होतं, मागे पत्र्याची शेड होती. तिथे ट्रकच्या जुन्या ब्रेक ड्रमची भट्टी केली, हवेला पंखा जोडला. राहिली होती ऐरण.

नवी म्हणून जी स्वस्तात मिळते ती बिडाची असते. चार घाव घातले की तिच्यात खड्डा पडतो. हवी जुनी पोलादी, रेल्वेच्या नाहीतर साखर कारखान्याच्या वर्कशॉपातली. पण जुनी ऐरण म्हणजे कुणाची तरी टाकलेली वस्तू. का टाकली, हे ती स्वतः सांगत नाही. ते ओळखायला विंचुरात एकच माणूस होता.

मिस्तरींचा कान पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. गाडी वेशीत असतानाच ओट्यावर बसून सांगायचे, डाव्या चाकाची धाव ढिली झालीय. कुऱ्हाड हातात न घेता, दुसऱ्यानं दगडावर टेकवली तरी सांगायचे, पाणी जास्त बसलंय, कडक झालीय, धार तुटेल. आणि भट्टीपुढे नवरा-बायको काम करायला लागली की बघत राहावं. मिस्तरींच्या डाव्या हातात सांडशी, उजव्यात छोटा हातोडा. समोर कुसाबाई घण घेऊन. मिस्तरी तोंडानं काही बोलायचे नाहीत. छोटा हातोडा जिथे टिचकी मारेल तिथे घण पडायचा. हलकी टिचकी, हलका घण. जोराची टिचकी, जोराचा घण. आणि हातोडा लोखंड सोडून नुसत्या ऐरणीवर वाजला, की बास. कुसाबाई घण खाली टेकवून पदरानं तोंड पुसायची. त्यांच्या संसारातलं निम्मं बोलणं त्या ऐरणीवर झालेलं.

ती ऐरण मिस्तरींच्या वडिलांनी मनमाडहून, रेल्वेच्या मोडीत निघालेल्या मालातून आणली होती. कुशीवर पुसट इंग्रजी अक्षरं आणि त्याखाली वडिलांनी छन्नीनं मारलेल्या तीन खुणा. ती गेल्यावर जमिनीत पुरलेला बाभळीचा ठोकळा तेवढा मागे राहिला. खंडेनवमीला मिस्तरी त्या रिकाम्या ठोकळ्यालाच हळदकुंकू वाहायचे. मुलगा किशोर पुण्याकडे कंपनीत. त्याला लोखंडाचा तिटकारा होता.

मी विचारायला गेलो तेव्हा मिस्तरी इतके खुलले की मलाच कसंसं झालं. "मी बगून देतो. फुटकी ऐरण शिकाऊ मानसाच्या गळ्यात मारत्यात भंगारवाले. कपची उडाली तर डोळा जातो." धुतलेली टोपी घालून, तो छोटा हातोडा फडक्यात गुंडाळून ते माझ्या मोटारसायकलवर बसले.

पहिली ऐरण अंबडच्या भंगारात पाहिली. मिस्तरींनी आधी गुडघ्यावर बसून तिच्या माथ्यावरून नजर फिरवली: पोट पडलंय का, म्हणजे मधोमध खोलगट झालीय का. मग कडांवरून अंगठा. कुठे वेल्डिंग करून डागडुजी केलीय का, तेही बघितलं. "अंग चांगलंय," म्हणाले. मग फडकं सोडून हातोडा काढला आणि माथ्यावर टिचकी मारली: शाबूत ऐरण खणखणते, आतून फुटलेली नुसती ठक्क करते. मान तिरकी करून थांबले. पुन्हा मारली.

"मुकी," म्हणाले. "चल."

भंगारात शेजारीच गॅस कटर चालू होता, मला काही नीट ऐकू आलं नव्हतं. मानलं. दुसरी लासलगावला, ट्रॉल्या दुरुस्त करणाऱ्या एका बंद गॅरेजात. तीही मुकी. मला वाटलं होतं की ती वाजली, पण बाहेर कांद्याचे ट्रॅक्टर धडधडत होते आणि मी पडलो शिकाऊ. तिसरी त्र्यंबकच्या रस्त्याला, एका नालबंदाच्या मुलाकडे. तिथे आवाज करायला काहीच नव्हतं, फक्त गोठ्यात बांधलेलं एक वासरू. मिस्तरींनी टिचकी मारली आणि ऐरण अशी खणखणली की वासरानं दावं ताणून उडी मारली. माझ्या दाढा झिणझिणल्या.

मिस्तरी मान तिरकी करून थांबले होते. "मुकी," म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अहो मिस्तरी, वासरू बिचकलं की!"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कालचं पोर आणि त्यांच्या बापाच्या धंद्यातलं त्यांना शिकवतोय. "तुला घ्यायची तर घे. मी हो म्हननार नाय." नालबंदाचा मुलगा तोंड आ करून आमच्याकडे बघत होता. मी गाडीला किक मारली. विंचूरपर्यंत मनात मात्र बरंच बोललो. म्हातारा मुद्दाम करतोय. स्वतःची गेली म्हणून दुसऱ्याची होऊ द्यायची नाही. हट्टी, आपमतलबी माणूस.

मिस्तरींच्या घरी पोचलो तेव्हा कुकरची शिट्टी होत होती. मिस्तरी कुकरच्या शेजारीच भिंतीला टेकून बसले. शिट्टी कानठळ्या बसवत होती आणि ते शांतपणे टोपीची घडी घालत होते. कुसाबाई परसातून धावत आली, गॅस बंद केला, माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मी निघालो तेव्हा ती मोटारसायकलपर्यंत आली. कुसाबाईचा आवाज मुळातच बारीक, आता तर कुजबुजच होती.

"कळलं ना तुला?"

"मावशी, त्यांना ऐकू..."

"तुझं बोलनं येतं. जाड्या आवाजाचं येतं. माझं तोंडाकडं बगून समजून घेत्यात. बारीक आवाज नाय येत. मोबाईल नाय, शिट्टी नाय, पाखरू नाय." ती थांबली. "ऐरण नाय."

"म्हणजे तुमची ऐरण..."

"चांगली व्हती रं. काय झालं व्हतं तिला?"

तीच बोलत राहिली. आयुष्यभर हातोडा कानाशी वाजला, तो कान हळूहळू खाऊन गेला. मिस्तरींना वाटलं ऐरणीचा आवाज बसत चाललाय. ते रोज टिचकी मारून बघायचे आणि रोज त्यांचं तोंड उतरायचं. "लय जपली व्हती त्यांनी ऐरण. ती गेली म्हनून रडले, पर ते दुख त्यांना झेपलं. मानूस बी मरतं, वस्तू बी मरती. पर ह्या मानसाला कोन सांगनार की ती जित्ती व्हती आन तुमी तिला भंगारात घातली? तुमचाच कान मेला म्हनून?" तिनं माझ्या हँडलवर हात ठेवला. "त्यांच्याकडं कानाबिगर दुसरं काय हाय? तू तुझी तू घे कुठलीबी. त्यांना नेऊ नको परत. सांग, नाद सोडला."

मी शब्द दिला. आणि पाळायचाही होता.

पुढे उन्हाळ्यात पिंपळगावच्या पुढे एका भंगारवाल्याकडे पत्रे बघायला गेलो. तिथे कोपऱ्यात दोन पोरं एका ऐरणीवर विजेच्या जुन्या मोटारी ठेवून फोडत होती, आतली तांब्याची तार काढायला. धुळीनं माखलेली होती. मी सहज हात फिरवला. पुसट इंग्रजी अक्षरं, खाली तीन खुणा.

मिस्तरींच्या घराण्याची एक रीत होती: फुटकी ऐरण दुसऱ्या लोहाराच्या हाती द्यायची नाही, ती वितळलीच पाहिजे. भंगारवाल्याकडून तसं वचन घेऊनच त्यांनी ती दिली होती. त्या वचनाचं विचारलं तेव्हा हा भंगारवाला हसला. "चांगली वस्तू कोन वितळवतं, साहेब?" माझ्या खिशात एव्हाना कंपनीतली बेअरिंगची गोळी असायची, शिकाऊ लोक ऐरण अशीच तपासतात. वरून गोळी सोडायची. ऐरण चांगली असली तर गोळी उसळून जवळजवळ हातात परत येते, मेलेली असली तर तिथेच लोळते. मी गोळी सोडली. ती उसळून माझ्या बोटांना लागली. एकदा ठोकून बघितली, आणि खणखणाट ऐकून पोरांनी कानांवर हात ठेवले. मला आनंद झाला नाही. मला वाटलं, ही इथेच राहिली तर पोरं तिचा चुरा करतील, आणि नेली तर विंचुरातच न्यावी लागेल, कारण सिडकोत शेजारी मिक्सर लावला तरी भांडायला येतात. शेवटी घेतली. पिकअपमधून, ताडपत्री टाकून, दुपारच्या सामसुमीत शेडमध्ये उतरवली.

पण गावात ताडपत्रीखाली काही लपत नाही. पुढच्या रविवारी मी शेड उघडून बसलो होतो, आणि समोरून धुतलेली टोपी घातलेले मिस्तरी आले. हातात फडक्यात गुंडाळलेला हातोडा. मागे बरंच अंतर ठेवून कुसाबाई, पदर डोक्यावर धरून जवळजवळ पळत.

"ऐरण आनली म्हने. मला नाय दावली?" राग नव्हता त्यांच्या आवाजात. रुसवा होता, आणि तो मला जास्त लागला.

मी ऐरणीच्या कुशीवर पोतं टाकून ठेवलं होतं. त्यांनी गुडघ्यावर बसून माथा बघितला, कडा बघितल्या. अंगठा एका जागी अडखळला. मग त्यांनी पोतं बाजूला केलं.

बराच वेळ ते त्या तीन खुणांकडे बघत राहिले. कुसाबाई दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

त्यांनी हातोडा काढून टिचकी मारली. पत्र्याची शेड घुमली. दारातल्या कुसाबाईनं डोळे मिटले. मिस्तरी मान तिरकी करून थांबले, आणि मग त्यांच्या तोंडावर असा संताप आला की मी तो पूर्वी कधी बघितला नव्हता.

"फसवलं त्यानं! वितळवतो म्हनला व्हता. फुटकी ऐरण इकली पोराला!" ते माझ्याकडे वळले. "परत दे, भूषण. आजच्या आज. मी येतो संगं, माझ्यादेखत वितळव म्हनतो त्याला. हिचा तुकडा उडून तुझा डोळा गेला तर मी कुठं तोंड दाखवू? माझ्या बापाची खून हाय तिच्यावर."

माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. मिस्तरी, ती फुटकी नाही. पण दारातून कुसाबाई माझ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेपुढे माझी ऐरण काय, मी अख्खी शेड दिली असती.

"देतो परत," मी म्हणालो. "आजच देतो, मिस्तरी."

हे एवढ्यावर मिटलं असतं. ते उठलेही होते. पण मिस्तरींना वाटलं, पोरानं फक्त आपल्या शब्दाखातर ऐरण सोडली, त्याला समजलं काहीच नाही. शिकायला निघालेल्या माणसाला निदान का ते तरी कळावं. भट्टीच्या कडेवर माझी गोळी पडली होती. त्यांनी ती उचलली.

"हे बग. मेलेली ऐरण कशी वळखायची ते ध्यानात ठेव. जित्ती गोळीला परत देती. मेलेली देत नाय. चिखलात पडल्यावानी बसती गोळी."

"राहू द्या मिस्तरी," मी म्हणालो. "उन्हाचं कशाला..."

"बग तर."

त्यांनी हात वर नेला आणि गोळी सोडली. गोळी माथ्यावर आपटून सरळ वर आली, त्यांच्या पसरलेल्या बोटांपर्यंत, आणि खाली पडून पुन्हा उसळली, पुन्हा, पुन्हा. मग कडेवरून घरंगळून मातीत गेली.

त्यांनी ती शोधून उचलली. फुंकर मारून माती उडवली. दुसऱ्या कडेला सोडली. गोळी परत आली. मधोमध सोडली. परत आली. ऐरणीच्या निमुळत्या शिंगाच्या बुडाशी सोडली. मी मोजायचं सोडून दिलं. शेवटी त्यांनी गोळी मुठीत धरली आणि दुसऱ्या हातानं स्वतःच्या कानाची पाळी चाचपली, जणू तिथे काही अडकलंय का ते बघावं तसं.

"हाताला कळत व्हतं," ते हळूच म्हणाले. "हातोडा उसळत व्हता. मीच हाताचं ऐकलं नाय."

मग ते दाराकडे वळले. "तुला ऐकू येतंय?"

कुसाबाईनं मान हलवली. हो.

"तवाबी?"

"तवाबी."

"मंग बोलली का नाय?"

ती पुढे आली, त्यांच्या अगदी समोर, तिचं तोंड त्यांना दिसेल अशी. "बोलले व्हते. टेम्पोत चढवत व्हते तवा तुमच्या मागं हुभी राहून म्हनलं, आवो, वाजतीय ती, नका देऊ. तुमी वळले बी नाय."

"परत म्हनायचं."

"परत म्हनायचं तर मोठ्यानं म्हनावं लागलं असतं," ती म्हणाली. "ते काय माझ्यानं झालं नाय."

मिस्तरींनी हातोडा फडक्यात गुंडाळायला घेतला, मग विचार बदलला आणि तो तसाच ऐरणीवर ठेवला. गोळी माझ्या हातात दिली. दोघं घरी गेली, पुढे ते, मागे ती. मी शेडच्या जमिनीवर बसून राहिलो, आणि खोटं कशाला सांगू, रडलो.

त्यानंतर मिस्तरी घराबाहेर फारसे पडले नाहीत. ऐरण मुकी झाल्याची गोष्ट ते आता कुणाला सांगत नाहीत; विचारलं तरी नाही. त्यांचं घर माझ्या शेडपासून एक गल्ली सोडून. रविवारी मी ठोकायला बसलो की आवाज थेट त्यांच्या ओट्यावर जातो. मिस्तरींना तो ऐकू येणार नाही, पण कुसाबाईला प्रत्येक घाव ऐकू येणार. ते मला सहन होईना. म्हणून मी ऐरणीभोवती ट्रकची जाड साखळी घट्ट आवळून बसवली. तिनं खणखणाट मरतो, नुसतं ठक-ठक उरतं. तसाच काम करत राहिलो. एक-दोन खुरपी झाली, वाकडी झाली.

दिवाळीच्या आधी कुसाबाई आली. दारातच उभी राहिली.

"ती साखळी काढ बाबा."

"तुम्हाला त्रास होईल म्हणून..."

"मला व्हतो का नाय ते ऱ्हाऊ दे. रईवारी तू बसला की ते वट्ट्यावर येऊन बसत्यात. मला इचारत्यात, वाजतीय का गं?" तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी काय सांगू त्यांना? आता परत खोटं न्हाई बोलवत."

मी साखळी काढली.

आता रविवारी भट्टी पेटवण्याआधी मी मिस्तरींचा छोटा हातोडा घेतो आणि नुसत्या ऐरणीवर एकदा मारतो. त्यांच्या घरात याचा अर्थ 'बास' असा होता, हे मला ठाऊक आहे. पण दुसरं काही सुचलं नाही. मग थांबतो. मिस्तरींचा प्रश्न माझ्यापर्यंत पोचत नाही. उत्तर पोचतं. ती बारीक आवाजाची बाई, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडते, "वाजतीय!"

कधीकधी ती दोनदा सांगते. मग मी कोळसा पेटवतो.